डोंगरातल्या गावात आग लागली की पहिलं कोण पोचतं? (स्वयंसेवक अग्निशामकांविषयी)

कडेकपारी (धागाकर्ता)

शहरात आग लागली की माणूस फोन करतो, घराबाहेर पडतो आणि बंबाची वाट बघतो. ठाणं चार-सहा मिनिटांवर असेल तर तेवढं पुरतं. डोंगरातल्या वस्तीचं जवळचं पगारी ठाणं खाली खोऱ्यात असतं, मधे वळणावळणाचा घाट असतो, आणि पाण्याने भरलेला बंब त्या चढावर जवळजवळ माणसाच्या पळण्याच्या वेगाने येतो. तो पोचेपर्यंत जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून जगभरच्या डोंगराळ भागांत ही जागा स्वयंसेवक भरून काढतात. सुतार, शिक्षिका, गुराखी, दुकानदार असलेली ही माणसं हाक आली की हातातलं काम टाकून निघतात.

मी काही वर्षं अशा पथकात काम केलं आहे, आणि या लोकांबद्दल फार वरवरचं बोललं जातं असं मला वाटत आलं आहे. सत्कार होतो, हार घातले जातात, 'शूर' म्हटलं जातं. पण ते नेमकं काय करतात, त्यांना काय लागतं आणि गावाने त्यांच्यासाठी काय करायला हवं, यावर चर्चा होत नाही. ती व्हावी म्हणून हा धागा.

आधी वेळेबद्दल. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन खोल्या मुद्दाम जाळून बघितल्या होत्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान होतं, दुसरीत आजकालचं फोम आणि कृत्रिम कापडाचं. जुन्या सामानाच्या खोलीने पूर्ण पेट घ्यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ घेतला. नव्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. तिथल्याच एनएफपीए (राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना) या संस्थेच्या १७२० क्रमांकाच्या मानकात ग्रामीण भागातल्या स्वयंसेवक पथकासाठी अपेक्षा अशी आहे: १४ मिनिटांत किमान ६ जण जागेवर, आणि तेही दहापैकी आठ वेळा. त्याहून दूरच्या वस्त्यांसाठी ४ माणसं मागितली आहेत आणि वेळेच्या रकान्यात आकडाच नाही, जेवढं अंतर तेवढा वेळ. म्हणजे १४ मिनिटांत धावत पोचलेल्या उत्तम पथकालाही ती खोली बहुतेक वेळा मिळत नाही. त्यांना मिळतं ते उरलेलं घर, शेजारचं घर, गोठा आणि वरचं जंगल. या मर्यादेत ते काम करतात, आणि एवढ्यातही खूप काही वाचतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आग हा या पथकांच्या कामाचा लहानसा भाग आहे. दरीत गेलेली गाडी, रस्त्यावर पडलेलं झाड, छातीत कळ आलेले आजोबा, पुरात अडकलेलं कुटुंब, हरवलेला पदभ्रमणवाला, हिवाळ्यात धुराडं पेटलेलं घर, या सगळ्यासाठी एकाच यादीतली माणसं बाहेर पडतात. दुर्गम गावात दुसरी यादीच नसते.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं लिहा.


पायवाट

उत्तम विषय. एक प्राथमिक प्रश्न. डोंगरातली आग मैदानातल्या आगीपेक्षा वेगळी वागते असं ऐकलं आहे. ते वाऱ्यामुळे की आणखी काही कारण आहे?


रानमळा

पायवाट, हा माझ्या आयुष्यभराच्या कामाचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

वारा तर आहेच, पण त्याच्याही आधी उतार. सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते आणि पुढचं गवत बाजूने तापतं. चढावर तीच ज्वाळा पुढच्या गवताच्या अगदी जवळ येते, गरम हवाही उताराला धरूनच वर सरकते. पुढचा पाचोळा आग पोचण्याआधीच वाळून तयार असतो. आमच्या कामात धरला जाणारा ढोबळ हिशोब असा की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर चौपट. माणसाचा वेग मात्र चढ वाढेल तसा कमी होत जातो. वणवा खाली असताना वर पळणाऱ्या माणसाची गत काय होते, ते या दोन वाक्यांवरून कळेल.

मग वारा. दिवसा उन्हाने उतार तापतात आणि वारा खोऱ्यातून वर चढतो. रात्री उतार थंड होतात, वारा खाली वाहू लागतो. सूर्य मावळताना ही अदलाबदल होते आणि त्या वेळी आगीची दिशा फिरू शकते. सकाळी दुसरा धोका असतो. रात्रभर खोऱ्यात थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, धूर त्याखाली साठलेला असतो, आग मलूल दिसते. ऊन चढलं की ते झाकण उठतं आणि तासाभरात धुमसणारी आग पुन्हा भडकते. 'पहाटे विझली होती' असं म्हणून घरी गेलेली पथकं दुपारी परत बोलवावी लागतात ती यामुळे.

घळ सगळ्यांत वाईट. दोन्ही बाजूंनी उंच आणि मधे अरुंद असलेली घळ धुराड्यासारखी ओढ घेते. खिंडीत वारा आवळला जातो. म्हणून जाणकार माणूस घळीच्या तोंडावर किंवा खिंडीत माणसं उभी करत नाही. शक्य तेव्हा धारेच्या पलीकडच्या अंगाला, धारेपासून थोडं खाली जाळरेषा (जळण्यासारखं सगळं काढून उघडा केलेला जमिनीचा पट्टा) काढतात. माथा ओलांडून उतरताना आगीचा जोर कमी झालेला असतो.

आणि घरंगळणं! जळकी लाकडं, पाइनची बोंडं, सुटलेले दगड खाली गडगडत येतात आणि तुमच्या पाठीमागे नवी आग लावतात. उताराच्या खालच्या अंगाला जाळरेषा काढायची असेल तर नुसतं गवत खरवडून भागत नाही. पन्हळीसारखा खोल चर खणून माती खालच्या बाजूला बांधासारखी रचावी लागते, म्हणजे गडगडत आलेलं त्यात अडकतं.


ओंजळभर

रानमळा, प्रतिसाद साठवून ठेवला. पाचोळा खरवडायला नेमकी कोणती अवजारं वापरतात?


रानमळा

कुदळ, फावडं, दाताळं, कोयता. आग कमी उंचीची असेल तर ओल्या फांद्यांनी किंवा लांब दांड्याच्या रबरी पट्ट्याने झोडपतात. झोडपताना फटका उंचावरून मारायचा नाही, दाबून ओढायचा, नाहीतर ठिणग्या उडून पलीकडे पडतात. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं 'पुलास्की' हे अवजार जगभर चालतं. १९१० साली अमेरिकेच्या वायव्येला डोंगरात प्रचंड वणवे लागले होते. तेव्हा आपल्या तुकडीला जुन्या खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचा जीव वाचवणारा वनरक्षक एड पुलास्की याचं नाव त्याला पडलं.


कडेकपारी

रानमळा, मनापासून आभार. याला पाण्याची बाजू जोडतो, कारण पथकात नवीन आलेल्याला तिचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं.

पाणी वर चढवायला दाब लागतो: दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. वस्ती ओढ्याच्या १०० मीटर वर असेल तर नळीच्या घर्षणाचा हिशोब धरण्याआधीच १० बार संपले. एवढं एका छोट्या पंपाला झेपत नाही. मग मधे घडीची टाकी ठेवायची, खालचा पंप त्या टाकीत पाणी टाकणार, वरचा पंप तिथून उचलणार. पंपाची शोषण्याची ताकदही उंचीबरोबर घटते. पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलत असतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा कागदावर १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसात. २००० मीटर उंचीवर कागदावरच ती ८ मीटरच्या आसपास येते. म्हणजे खाली चालणारा पंप वर गेल्यावर त्याच खोलीच्या डोहातून पाणी उचलेलच असं नाही. विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाची शक्तीही दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी उतरते.

आमच्या पथकात एक गवंडी होते. शिक्षण बेताचं, पण कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात किती पाणी असतं, कुठे बंब मागे वळवता येतो, कोणत्या साकवावर भरलेला टँकर घालायचा नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. शहरातून मदतीला आलेल्या सुसज्ज पथकाला त्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नसे. स्थानिक माणसाचं मोल मला तिथे कळलं. पगारी पथक कितीही चांगलं असो, ही माहिती त्याला बाहेरून आणता येत नाही.


सडेतोड

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्द्याला बगल दिली जाते आहे. आग विझवणं हे शासनाचं काम आहे. करदात्याला शहरात पगारी दल मिळतं आणि डोंगरातल्याला 'तुम्हीच विझवा, आम्ही हार घालू' हे ऐकावं लागतं. स्वयंसेवेचं जेवढं कौतुक कराल तेवढी शासनाची जबाबदारी हलकी होईल. वर तो माणूस जायबंदी झाला तर त्याच्या घरचं कोण बघणार?


कडेकपारी

सडेतोड, तुमच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. विमा, उपचार, बुडालेली मजुरी याची लेखी हमी नसेल तर कुणालाही आगीसमोर उभं करू नये. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांत हाच प्रश्न पेटला होता. माणसं आठवडेच्या आठवडे रोजगार सोडून आगीवर होती. शेवटी सरकारला न्यू साउथ वेल्सच्या स्वयंसेवकांसाठी दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, एकूण ६००० डॉलरच्या मर्यादेत भरपाई जाहीर करावी लागली. ती आधीच ठरलेली असायला हवी होती.

पण 'पगारी दल द्या' यावर माझं मत वेगळं आहे. ज्या खोऱ्यात वर्षाला मोजक्या आगी लागतात तिथे चोवीस तास पाळीत माणसं बसवणं श्रीमंत देशांनाही जमलेलं नाही. ऑस्ट्रियात पगारी दलं फक्त ६ शहरांत आहेत: व्हिएन्ना, ग्राझ, लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक, क्लागेनफुर्ट. बाकी सगळा आल्प्स स्वयंसेवकांवर आहे. फरक हा की तिथे ठाणं, गाड्या, प्रशिक्षण, पोशाख यांचा भार सार्वजनिक निधी मोठ्या प्रमाणावर उचलतो. वेळ माणसं देतात, साधनं समाज देतो. स्वित्झर्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी पथकात सेवा करणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, आणि जो करत नाही तो त्याबदली कर भरतो. याउलट चिलीत १८५१ साली वालपाराइसोमध्ये पहिलं दल उभं राहिलं तेव्हापासून अग्निशामक स्वयंसेवक आहेत, आणि सभासद उलट स्वतःच वर्गणी भरतात.

म्हणजे 'स्वयंसेवक' या एका शब्दाखाली फार वेगवेगळे करार आहेत. भांडायचं असेल तर करार काय असावा यावर भांडू या.


सडेतोड

करार हा मुद्दा पटला. फुकट माणूस आणि फुकट साधन यांत फरक करायला हवा. तरी लेखी हमीशिवाय एकही माणूस पाठवू नये या मतावर मी ठाम आहे.


क्षितिजा_

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे पती अशा पथकात होते, नंतर मीही आले.

बाहेरून दिसत नाही ते सांगते. रात्री हाक येते, घरातला एक माणूस दोन मिनिटांत बाहेर पडतो, आणि घर जागं राहतं. सकाळी तो येतो, अंगाला धुराचा वास, आणि लगेच कामावर जायचं असतं. कामावरचा साहेब समजूतदार असेल तर ठीक. छोट्या गावात अपघातात सापडलेला माणूस अनोळखी नसतो. शाळेतला मित्र असतो, भाचा असतो. शहरातल्या जवानाला घटनास्थळ सोडून घरी जाता येतं, आमच्याकडे ते घर रोज बाजाराच्या वाटेवर दिसतं. याबद्दल पथकात बोललंच जात नसे. आम्ही ठरवून घेतलं की वाईट घटनेनंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसायचं, ज्याला बोलायचं तो बोलेल, नाही बोललं तरी चालेल. त्याने फरक पडला.

तब्येतीचं तर कुणी मनावरच घेत नाही. अमेरिकेत कामावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांत वर्षानुवर्षं जवळपास निम्मे मृत्यू हृदयविकाराने होत आले आहेत. डोळ्यांसमोर जळणारं छप्पर येतं, प्रत्यक्षात माणूस नळी ओढताना किंवा घरी परतल्यावर कोसळतो. पन्नाशीचा माणूस, झोपेतून उठून थेट जोराचं काम, अंगावर जड पोशाख, उन्हाळा. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी सक्तीची करा म्हटलं तर पुरुष मंडळी रागावतात. रागावू देत.

आणि हो, बायकांना फक्त चहापाण्याला ठेवू नका. दिवसा गावात कोण असतं याचा विचार करा. पुरुष खाली कामाला गेलेले असतात, दुपारी दोनला आग लागली तर हाताशी कोण आहे? आम्हीच.


ओंजळभर

क्षितिजाताई, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. दुपारची उपस्थिती हा स्वतंत्र धाग्याचा विषय होईल.


जुनावड

माणसं मिळत नाहीत हे सगळीकडचं दुखणं आहे. जपानमध्ये 'शोबोदान' नावाची गावोगावची स्वयंसेवक दलं आहेत. १९५० च्या दशकात त्यांत सुमारे २० लाख माणसं होती. २०२२ मध्ये हा आकडा ८ लाखांच्या खाली गेला. अमेरिकेत १९८४ साली ८ लाख ९७ हजार स्वयंसेवक होते, २०२० मध्ये ६ लाख ७७ हजार, आणि या काळात येणारे कॉल मात्र साधारण तिप्पट झाले. तरुण शहरात जातात, उरलेल्यांचं वय वाढतं. डोंगरात हे आधी होतं आणि जास्त होतं.

याच जपानी दलांनी २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्यावर फार मोठी किंमत मोजली. समुद्राची दारं बंद करायला आणि लोकांना हलवायला थांबलेले दोनशेहून अधिक सदस्य गेले किंवा बेपत्ता झाले. पुढे तिथे नियम बदलला: पाणी येण्याआधी ठरावीक वेळ उरला की काम अर्धवट टाकून स्वयंसेवकानेही निघायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. सोडून निघणं हेही शिकवावं लागतं.


रानमळा

जुनावड, शेवटच्या वाक्याला जोर देऊन अनुमोदन. यावर मला लिहायचंच होतं.

५ ऑगस्ट १९४९. मोंटाना राज्यातली मॅन गल्च नावाची घळ. विमानातून हवाई छत्रीने उतरलेले प्रशिक्षित, धडधाकट अग्निशामक तरुण. ते आगीच्या वरच्या अंगाने नदीकडे उतरत होते आणि आगीने घळीचं तोंड अडवलं. सगळे उलट वळून उभ्या चढावर गवतातून पळू लागले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज याने पळता पळता काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि ते जळून गेल्यावर त्या काळ्या जागेत आडवा झाला. बाकीच्यांना हाका मारल्या, कुणाला ते कळलं नाही. दोघं कड्यातल्या फटीतून निसटले. १३ जण गेले. डॉज वाचला, कारण जळलेली जमीन पुन्हा जळत नाही.

हे पगारी होते. स्वयंसेवकांचं उदाहरण हवं तर २ डिसेंबर १९९८, ऑस्ट्रेलियातलं लिंटन. वारा फिरला आणि आगीच्या बाजूने चाललेल्या गाडीवर आगीची ती सगळी बाजूच पुढची धार होऊन चालून आली. ५ स्वयंसेवक गेले. त्यानंतर तिथे किमान प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही आगीवर न पाठवण्याचा नियम आला, आणि टँकरमधलं शेवटचं पाणी आगीवर न मारता स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवण्यावर भर दिला गेला.

१९९१ मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी अग्निशामकाने चार गोष्टी एकत्र बांधून दिल्या, त्या आजही सगळीकडे शिकवतात: आगीवर नजर ठेवणारा पहारेकरी, सगळ्यांशी संपर्क, परतीची वाट, आणि सुरक्षित जागा. यातली एक जरी नसेल तर कामाला हात लावायचा नाही. गावातल्या स्वयंसेवकाला हे जास्त अवघड जातं, कारण समोर जळतं ते त्याच्या काकांचं घर असतं. नायकाने 'मागे फिरा' म्हटल्यावर गावातली माणसं त्याच्यावर ओरडतात. मी हे बघितलं आहे. म्हणून नायकाचा हा अधिकार गावाने आधीच, शांततेच्या काळात, सगळ्यांसमोर मान्य केलेला असावा. आग लागल्यावर मतदान होत नाही.

आणखी एक, अंगात नायलॉन किंवा पॉलिस्टर घालून कधीच जाऊ नका. ते वितळून कातडीला चिकटतं. सुती किंवा लोकरीचे अंगभर कपडे, आणि चामडी बूट.


पायवाट

वाचून अंगावर काटा आला. मग सामान्य घरमालकाने काय करायचं? पथकावर सगळा भार टाकून बसायचं का?


कडेकपारी

पायवाट, मुळीच नाही. उलट घरमालकाचं काम आधी येतं. जॅक कोहेन या अमेरिकी वनसेवेतल्या शास्त्रज्ञाने आयुष्यभर एकच प्रश्न अभ्यासला: वणव्यात घरं नेमकी कशाने पेटतात? कॅनडाच्या जंगलात मुद्दाम पेटवलेल्या मोठ्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून त्याने पाहिलं. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे ज्वाळेची भिंत फार लांबून घर जाळत नाही. घर जाळतात त्या वाऱ्याबरोबर उडून आलेल्या ठिणग्या. त्या वळचणीत शिरतात, छपरावरच्या पाचोळ्यात पडतात, पन्हळीत साठलेल्या पानांत धुमसतात, ओसरीखाली रचलेल्या सरपणात बसतात. आग गावावरून निघून जाते आणि दोन तासांनी घर पेटतं. आजूबाजूची झाडं हिरवी आणि मधलं घर राख, असे फोटो दिसतात ते यामुळे.

म्हणून घराला लागून दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्यासारखं काहीही ठेवायचं नाही. सरपणाची रास लांब, आणि घराच्या खालच्या उतारावर नको. पन्हळ साफ. पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी. हे केलेल्या घराजवळ दोन स्वयंसेवक अर्धा तास फिरून ठिणग्या विझवू शकतात. न केलेल्या घरासाठी बंबच्या बंब ओतला तरी पुरत नाही. डोंगरात पथकनायकाला कोणतं घर वाचवता येईल हे भराभर ठरवावं लागतं. ज्या घराने आधी काही केलेलं नाही, ज्याच्या वाटेवर गाडी वळत नाही, ते घर तो सोडतो. कठोर वाटेल, पण त्या घरासाठी माणसं अडकवली तर पुढची चार घरं जातात.


ओंजळभर

आपल्याकडे याला कायद्याचा काही आधार आहे का?


जुनावड

भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ७९. राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याला गुरं चारण्याचा, लाकूड नेण्याचा वगैरे हक्क आहे किंवा तिथे काम आहे, त्याने वणव्याची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे कायदा गावकऱ्याला आगीवर बोलावतो. पण त्याला बूट, पाणी, प्रशिक्षण कोण देणार ते हे कलम सांगत नाही. सडेतोड यांचा राग मला इथे सर्वांत जास्त पटतो. उत्तराखंडात १९३१ च्या नियमांपासून वनपंचायती आहेत. जिथे जंगलावर गावाचा खरा अधिकार राहिला तिथे माणसं स्वतःहून धावतात. जिथे जंगल 'सरकारचं' झालं तिथे धावत नाहीत. आग विझवण्याची इच्छा मालकीच्या भावनेतून येते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.


सडेतोड

जुनावड, पूर्ण सहमत. बंधन घालता तर साधनंही द्या.


उतारवाट

पहिल्यांदाच लिहितो आहे. वय ६४, गुडघे दुखतात. डोंगरातल्या गावी राहायला गेलो आहे आणि पथकात नाव द्यायची फार इच्छा आहे. पण आगीसमोर उभा राहू शकणार नाही. माझ्यासारख्याचा उपयोग आहे का, की मधे मधे लुडबूड होईल?


कडेकपारी

उतारवाट काका, उपयोग आहे आणि तुमच्यासारख्यांचीच कमतरता आहे. आगीसमोर असलेल्या दर दोन माणसांमागे चार-पाच माणसं मागे लागतात. बिनतारी संचावर बसून कोण कुठे गेलं, किती वाजता गेलं, परत आलं का, हे वहीत लिहिणारा माणूस लागतो. ही वही नसल्यामुळे आत अडकलेला माणूस कुणाच्या लक्षातच येत नाही असं होतं. पंपापाशी थांबून इंधन बघणारा लागतो. घाटाच्या तोंडाशी उभं राहून बाहेरून आलेल्या गाड्यांना वाट दाखवणारा लागतो.

सुरुवात करायची असेल तर मी पाण्यापासून करा म्हणेन. गावाच्या आसपासचे डोह, विहिरी, टाक्या, सगळ्यांना स्वतः भेट द्या. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा: उन्हाळ्याच्या शेवटी पाणी किती खोल असतं, पंप ठेवायच्या जागेपासून पाणी किती खाली आहे, आणि गाडी तिथून वळते का. सोबत कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे, कुणाकडे ऑक्सिजनचं नळकांडं आहे, गॅसच्या टाक्या कुठे ठेवल्या आहेत तेही, घरच्यांना विचारून. कागदावरच काढा, मोबाइलवर नको, आगीत पहिला मनोरा बंद पडतो. तीन प्रती: एक ठाण्यात, एक गाडीत, एक खालच्या शहरातल्या दलाकडे.


उतारवाट

समजलं. दोन विहिरींना आता कठडा बांधून वर लोखंडी झाकण टाकलं आहे, कुलूप असतं. त्याचं काय करायचं?


कडेकपारी

किल्ली कुणाकडे असते ते लिहा आणि दुसरी किल्ली ठाण्यात टांगायला सांगा. मालक नाही म्हणाले तर पथकनायकाला घेऊन पुन्हा जा. झाकणातून शोषणनळी आत जाईल एवढं भोक ठेवता येतं का तेही विचारा. नळीचा व्यास पथकाला विचारून मगच भोक पाडायचं, आणि मूल आत पडणार नाही अशी त्याला जाळी बसवायची.


रानमळा

आणि काका, डोहाकडे जाणाऱ्या वाटेवरचं गवत पावसाळा संपल्यावर कापून घ्या. वाळल्यावर नको, कोयत्याची ठिणगीसुद्धा पुरते.